विश्लेषण : गोठलेल्या तळ्यावरच्या सायकल शर्यतींमागे कोण? चाकांवर तोल साधणाऱ्या कार्ल ड्रायस यांची उपेक्षा का झाली?

भिवंडीतील कामतघरचा वऱ्हाळदेवी तलाव कधी गोठत नाही. त्यामुळे तळ्यावर सायकलची शर्यत ही कल्पना आपल्याला गमतीची वाटेल. थंड देशांत मात्र हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मानवी बळावर चालणारी वाहने धावतात आणि त्यांच्या शर्यतीही होतात. विशेष म्हणजे बर्फ आणि सायकल यांचे नाते सायकलच्या जन्माइतकेच जुने असावे, असे या वाहनाच्या इतिहासाचे काही अभ्यासक मानतात. या नात्याच्या मुळाशी आहेत जर्मनीचे कार्ल ड्रायस. जगाला दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकवणाऱ्या या माणसाचा शेवट मात्र गरिबीत आणि अवहेलनेत झाला. असे का घडले?

बर्फावर सायकल धावते कशी?

गोठलेले तळे म्हणजे सपाट, खड्डे नसलेला रस्ताच. अडचण असते ती पकडीची. गुळगुळीत बर्फावर साधा टायर घसरतो, म्हणून टायरमध्ये लोखंडी खिळे बसवले जातात. काही जण पुढचे चाक काढून तिथे स्केटचे पाते लावतात, मागचे खिळ्यांचे चाक तेवढे जोर देते. काही जण तीन चाकांची, जमिनीलगत बसून चालवायची वाहने आणतात. ती घसरली तरी सहसा उलटत नाहीत. अचानक ब्रेक दाबणे किंवा हँडल झटक्यात वळवणे इथे महागात पडते. वेगाइतकेच महत्त्व तोलाला असते आणि नेमका हाच प्रश्न ड्रायस यांनी दोनशे वर्षांपूर्वी सोडवला.

कार्ल ड्रायस कोण होते?

ड्रायस यांचा जन्म २९ एप्रिल १७८५ रोजी जर्मनीतील कार्ल्सरूह येथे सरदार घराण्यात झाला. तेव्हा हे शहर बाडेन संस्थानात होते. वडील न्यायखात्यात होते आणि पुढे संस्थानाच्या सर्वोच्च न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. कार्ल वनखात्यात अधिकारी झाले, पण मन रमले ते यंत्रांत. १८१३ मध्ये त्यांनी माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी गाडी तयार केली. ती त्यांनी रशियाच्या झारलाही दाखवली. मात्र गाडी जड होती आणि माणसाचे बळ तिला पुरत नव्हते. तिचे फारसे कौतुक झाले नाही.

दोन चाकांची कल्पना का सुचली?

याचे एक कारण इंडोनेशियात सापडते, असे काही संशोधक म्हणतात. एप्रिल १८१५ मध्ये तिथल्या तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. आकाशात पसरलेल्या कणांमुळे सूर्यप्रकाश अडला आणि १८१६ हे वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेले. पिके बुडाली, ओट्सचे भाव भडकले. घोड्यांना चारायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. अनेक घोडे उपाशी मेले किंवा कापले गेले. त्या काळात घोडा म्हणजेच वाहतूक होती. दाणा न खाणारे वाहन शोधण्याची गरज तेव्हा उभी होती. ड्रायस यांच्या मनात नेमके हेच होते, असा थेट पुरावा नसला तरी काळाची जुळणी लक्षवेधी आहे.

मग बर्फाचा संबंध कुठे आला?

एकामागे एक अशा दोनच चाकांवर बसायचे, तर पडण्याची भीती आलीच. त्या काळी अशी गाडी कुणाच्या पाहण्यात नव्हती. पण हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणारी माणसे होती. पायाखालच्या अरुंद पात्यावर घसरत जाताना शरीर ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला किंचित वळले की तोल सावरतो. सायकलही अशीच सावरते. डावीकडे पडू लागली की हँडल डावीकडे वळवायचे, म्हणजे चाके पुन्हा शरीराखाली येतात. ड्रायस यांनी पुढचे चाक वळणारे केले, यातच सारे आले. पाय जमिनीवर टेकवत, मागे ढकलत पुढे जायचे ही रीतही स्केटिंगशी जुळणारी होती. म्हणूनच या यंत्राचे मूळ बर्फावर शोधले जाते.

पहिली सफर कशी झाली?

१२ जून १८१७ रोजी ड्रायस मानहाइम शहरातून आपल्या लाकडी यंत्रावर निघाले. सुमारे सात किलोमीटरवरच्या टप्प्यापर्यंत जाऊन ते परत आले. म्हणजे भिवंडीहून ठाण्याला जावे, साधारण तेवढे अंतर. त्याला त्यांना जेमतेम तासभर लागला. यंत्राला पेडल नव्हते, साखळी नव्हती, रबरी टायर नव्हते. वजन सुमारे २२ किलो होते. त्याला त्यांनी धावते यंत्र असे नाव दिले. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, १३ जून १८१७ रोजी, इकडे दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांशी पुण्याचा तह करावा लागला. पेशवाई मावळत असताना तिकडे सायकलचे युग उजाडत होते.

यश मिळाले, मग बिघडले कुठे?

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेन संस्थानाने ड्रायस यांना दहा वर्षांचा हक्क दिला. यंत्रशास्त्राचे प्राध्यापक ही पदवी आणि निवृत्तिवेतनही मिळाले. पण हा हक्क संस्थानाबाहेर चालत नव्हता. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिकेत नकला निघाल्या आणि त्यातून ड्रायस यांना काही मिळाले नाही. दुसरी अडचण रस्त्यांची होती. गाड्यांच्या चाकांनी खोल चऱ्या पडलेल्या रस्त्यांवर हे यंत्र चालवणे कठीण, म्हणून लोक ते पदपथावर आणू लागले. पादचाऱ्यांना धडका बसू लागल्या. मानहाइममध्ये १८१७ मध्येच पदपथावर बंदी आली आणि पुढे मोठमोठ्या शहरांनी तोच मार्ग धरला. रस्ता कुणाचा आणि पदपथ कुणाचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. भिवंडीतून सायकल किंवा हातगाडी घेऊन जाणाऱ्याला तो नवा नाही.

वडिलांच्या निकालाची शिक्षा मुलाला?

मार्च १८१९ मध्ये मानहाइम येथे नाटककार ऑगस्ट फॉन कोत्सेबू यांची कार्ल सांड या विद्यार्थ्याने हत्या केली. सांड हा उदारमतवादी, राष्ट्रवादी तरुणांच्या गळ्यातला ताईत होता. त्याला मृत्युदंड झाला आणि मे १८२० मध्ये शिरच्छेद करण्यात आला. ड्रायस यांचे वडील तेव्हा सर्वोच्च न्यायाधीश होते आणि त्यांनी दयेची बाजू घेतली नाही. संतापलेल्या तरुणांचा राग मुलावर निघाला. छळ इतका वाढला, की १८२२ मध्ये ड्रायस यांनी देश सोडला आणि ब्राझीलमध्ये भूमापनाचे काम धरले. ते परतले १८२७ मध्ये. तोवर त्यांचे यंत्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते.

ड्रायस यांनी आणखी काय केले?

हात मात्र थांबले नव्हते. १८२१ मध्ये त्यांनी २५ कळांचे टंकलेखन यंत्र केले होते. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रुळांवर पायांच्या बळाने चालणारे वाहन तयार केले. रुळांची पाहणी करणाऱ्या छोट्या गाडीला युरोपातील अनेक भाषांत आजही ड्रायस यांच्या नावावरून आलेला शब्द आहे. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्थानकाच्या आसपास रुळांवरून ट्रॉली ढकलत नेणारे रेल्वे कर्मचारी कधी पाहिले असतील, तर आठवून पाहा. पळत ढकलायची आणि वेग आला की वर बसायचे. तत्त्व तेच, धावत्या यंत्राचे.

शेवट इतका करुण का झाला?

ड्रायस स्वतः लोकशाहीचे पुरस्कर्ते होते. १८४९ च्या क्रांतीत त्यांनी सरदारकीची पदवी सोडली आणि साधे नागरिक म्हणून नाव लावले. क्रांती चिरडली गेली. राजनिष्ठांनी त्यांना वेडे ठरवण्याचा प्रयत्न केला. क्रांतीचा खर्च वसूल करण्याच्या नावाखाली त्यांचे निवृत्तिवेतन जप्त झाले. तरुणपणी राजनिष्ठ बापाचा मुलगा म्हणून, तर म्हातारपणी राजद्रोही म्हणून त्यांना भोगावे लागले. १० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरूहमध्ये ते निर्धन अवस्थेत वारले.

न्याय केव्हा मिळाला?

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पेडल लागले आणि दुचाकीची लाट आली. त्याच सुमारास चाकाच्या जागी पाती लावून बर्फावर चालवायच्या दुचाकीही निघाल्या. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि आजची सायकल घडली. मग जर्मन सायकलस्वारांना ड्रायस आठवले. वर्गणीतून १८९३ मध्ये कार्ल्सरूहला त्यांचे स्मारक झाले. तरीही विक्षिप्त सरदार ही त्यांची प्रतिमा बराच काळ टिकली. हान्स-एरहार्ट लेसिंग यांच्यासारख्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून ती पुसली. २०१७ मध्ये त्या पहिल्या सफरीला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जर्मनीने या यंत्राचे चांदीचे नाणे काढले.

आज हे का आठवायचे?

भिवंडीच्या यंत्रमागावरची पाळी संपवून सायकलने घरी जाणारा कामगार आणि गोठलेल्या तळ्यावर शर्यतीत उतरणारा खेळाडू यांच्यात काहीच सारखे दिसत नाही. पण दोघेही तोल सावरतात तो एकाच युक्तीने, पडण्याच्या दिशेला हलकेच वळून. ही युक्ती यंत्रात उतरवणाऱ्याला मात्र समाजाने सावरले नाही.