पॅट्सीनं घेऊन दिलेले पडदे

आमच्या बचत गटाच्या बैठकीत परवा पुन्हा तोच सूर निघाला. बाईच बाईची वैरीण असते म्हणे! निमित्त काय, तर शिवणकामाच्या ऑर्डरमध्ये गल्लीत नव्यानं आलेल्या एका सुनेला घ्यायचं की नाही. तिचा हात चांगला, म्हणजे आपलं काम कमी होणार, ही भीती. मी त्या वेळी काही बोलले नाही, पण मला एकदम पॅट्सी क्लाईन आठवली. मैत्रिणींनो, हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं नसेल. मीही लोरेटा लिनच्या आयुष्यावरचा १९८० सालचा ‘कोल मायनर्स डॉटर’ हा सिनेमा टीव्हीवर पाहिला, तेव्हाच मला ती कळली. मग जिथं मिळेल तिथं तिच्याबद्दल वाचत गेले.

अमेरिकेत ‘कंट्री’ नावाचं संगीत आहे. शेतकरी, खाणकामगार, ट्रक चालवणारे अशा गावाकडच्या माणसांचं गाणं. प्रपंच, दारू, परमेश्वर, तुटलेली मनं, सगळं त्यात येतं. पॅट्सी या गाण्यातली राणी. तिचं खरं नाव व्हर्जिनिया हेन्सली. जन्म ८ सप्टेंबर १९३२चा, व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावातला. वडील लोहार. आई हिल्डा लग्नाच्या वेळी अवघी सोळा वर्षांची. पुढं वडील घर सोडून गेले आणि तीन लेकरांना घेऊन हिल्डा शिवणकामावर उभी राहिली. थोरली पॅट्सी. तिनं शाळा सोडली आणि औषधांच्या दुकानातल्या सरबताच्या काउंटरवर काम धरलं. दिवसभर ग्लास भरायचे अन् रात्री मिळेल तिथं गायचं. स्टेजवर घालायचे झालरीचे पोशाख आईच शिवून द्यायची.

गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना मात्र ही पोर कधी पचली नाही. रात्री-अपरात्री गाणारी, मोठ्यानं हसणारी, तोंडानं फटकळ, वर घटस्फोटित! तिच्याबद्दल नाकं मुरडली गेली. (लहान गावं सगळीकडं सारखीच, नाही का?) आज त्याच गावात तिचं राहतं घर लोकांना बघायला खुलं आहे.

१९५४ मध्ये तिनं एका रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि तिथं फसली. त्या कंपनीच्या हाती असलेलीच गाणी गायची, अशी अट होती आणि पैसा तर हाती जवळजवळ लागतच नव्हता. १९५७ मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेत ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ गायली आणि देशभर नाव झालं. गंमत म्हणजे हे गाणं तिला स्वतःला आधी आवडलंच नव्हतं. त्याच वर्षी तिनं चार्ली डिकशी दुसरं लग्न केलं, पुढं एक मुलगी, एक मुलगा झाला. पण नंतरची दोन-तीन वर्षं कोरडीच गेली. १९६० मध्ये करार संपला, नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मानाच्या रेडिओ कार्यक्रमात तिला जागा मिळाली आणि १९६१ मध्ये ‘आय फॉल टू पीसेस’ हे गाणं वर चढू लागलं.

नेमकं तेव्हाच, १४ जून १९६१ला, मोटारीचा भीषण अपघात झाला. पॅट्सी काचेवर आदळली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, कंबरेचं हाड निखळलं. तशातही आधी समोरच्या गाडीतल्यांकडं बघा, असं ती सांगत होती म्हणतात. महिनाभर दवाखान्यात पडून होती.

आणि इथं लोरेटा येते. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, चार लेकरं, नवऱ्यानं आणून दिलेली स्वस्तातली गिटार. गाणी स्वतःच रचायची. पहिली रेकॉर्ड घेऊन नवरा-बायको गाडीतून एकेक रेडिओ स्टेशन पालथं घालत फिरले होते. नॅशव्हिलला आली ती पॅट्सीच्या आवाजावर जीव टाकत. शनिवारी मध्यरात्री रेकॉर्डच्या एका दुकानातून रेडिओवर कार्यक्रम व्हायचा. त्यात लोरेटानं ‘आय फॉल टू पीसेस’ गायलं आणि दवाखान्यात पडलेल्या पॅट्सीला ते अर्पण केलं. पॅट्सी रेडिओ ऐकत होती. तिनं नवऱ्याला पिटाळलं, त्या पोरीला घेऊन ये म्हणून.

आता विचार करा. आपण पट्ट्यांत गुंडाळलेल्या, चेहऱ्याचं काय होणार ठाऊक नाही, आणि आपलंच गाणं दुसरी बाई गातेय. आपल्याला काय वाटलं असतं? मला तर, खरं सांगते, थोडी धास्तीच वाटली असती. पॅट्सीनं तिला जवळ बसवून घेतलं. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी. खरं तर लोरेटाच पाच महिन्यांनी मोठी, पण थोरल्या बहिणीचा मान पॅट्सीकडं.

लोरेटानं नंतर आपल्या आत्मचरित्रात हे सगळं अगदी मनापासून लिहिलं. स्टेजवर कसं यायचं, कसं जायचं, हे पॅट्सीनं शिकवलं. कपडे दिले, अगदी आतले कपडेसुद्धा. लोरेटाच्या घराच्या खिडक्यांना पडदे नव्हते, ऐपतच नव्हती, तर पडदे घेऊन दिले. मला या पडद्यांचं फार कौतुक वाटतं. गाण्याचे धडे कुणीही देईल हो, पण दुसरीच्या खिडक्या उघड्या आहेत हे बाईलाच दिसतं. पैशाच्या बाबतीत पॅट्सी कडक. दगा देणारे आयोजक तिनं बघितले होते, त्यामुळं आधी पैसे हातात, मगच गाणं. हाही धडा लोरेटाला मिळाला असणारच.

एव्हाना नवख्या लोरेटाला भराभर कार्यक्रम मिळू लागले होते आणि काही गायिकांना ते खुपत होतं. तिला ऑप्रीतून बाहेर काढायचं ठरवायला त्या एका घरी जमणार होत्या. आमंत्रण पॅट्सीलाही होतं. ती गेली, पण लोरेटाला छान तयार करून, सोबत घेऊन! दोघी दारात उभ्या राहिल्यावर कोण काय बोलणार? विषय तिथंच मिटला.

अपघातानंतर कुबड्यांवर असतानाच, ऑगस्ट १९६१ मध्ये, पॅट्सीनं विली नेल्सनचं ‘क्रेझी’ गायलं. पहिल्या दिवशी दुखण्यामुळं वरचे सूर लागेनात. पुन्हा येऊन मग तिनं ते पूर्ण केलं. कपाळावरचा व्रण मेकअप आणि टोपाखाली झाकून ती कार्यक्रम करत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही गायली.

मार्च १९६३ मध्ये कॅन्सस सिटीला अपघातात गेलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी मदतीचा कार्यक्रम झाला. परतताना हवा वाईट होती. मैत्रीण डॉटी वेस्टनं गाडीनं चल म्हणून आग्रह केला, पण पॅट्सीला लेकरांकडं लवकर पोचायचं होतं, ती लहान विमानासाठी थांबली. ५ मार्चला टेनेसीतल्या कॅम्डेनजवळच्या जंगलात ते कोसळलं. चौघांपैकी कुणीच वाचलं नाही. पॅट्सी फक्त तीस वर्षांची होती. मुलगी पाच वर्षांचीही नव्हती, मुलगा दोन वर्षांचा.

दोघींची मैत्री जेमतेम पावणेदोन वर्षांची. १९६४ मध्ये लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव तिनं पॅट्सी ठेवलं. पुढं ती स्वतः फार मोठी झाली. पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला सुनावणारी, बाळंतपणांना कंटाळलेल्या बाईच्या मनातलं बोलणारी गाणी तिनं गायली. १९७७ मध्ये तिनं एक अख्खी रेकॉर्ड पॅट्सीच्या आठवणीत, तिच्याच गाण्यांची काढली. त्याआधी १९७३ मध्येच पॅट्सीला कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं होतं. एकटीच्या नावावर तिथं पोचलेली ती पहिली गायिका. लोरेटाची पाळी १९८८ मध्ये आली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, नव्वदाव्या वर्षी लोरेटा गेली. त्याच्या दोनच वर्षं आधी तिनं पॅट्सीवर पुस्तक काढलं होतं. सत्तावन्न वर्षं उलटली तरी मैत्रिणीबद्दल सांगायचं संपलं नव्हतं. ते लिहायला आईबरोबर होती ती जुळ्यांतली तीच लेक, पॅट्सी.