फादर स्टीफन्स आणि त्यांचे ख्रिस्तपुराण

मराठी भाषेची थोरवी गाणारे कवी आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. परंतु ज्याची ही मातृभाषा नव्हती, ज्याचा जन्म सहस्रावधी कोस दूर इंग्लंडात झाला, अशा एका पाद्र्याने या भाषेत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचाव्यात, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. त्या पुरुषाचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. ज्या सासष्टीत त्यांनी आपले आयुष्य वेचले ती आमच्या गोमंतकातीलच. म्हणून त्यांचे चरित्र आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पंथाच्या लोकांचा छळ होत असे. टॉमस पाउंड नावाच्या धनिक मित्रासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता; परंतु तो मित्र पकडला जाऊन तुरुंगात पडला. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले व १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाची हकीकत त्यांनी लगेच पुढच्या महिन्यात वडिलांना लिहून कळविली. पुढे १५८३ साली राल्फ फिच, न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी गोव्याच्या बंदिवासात पडले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्याच्या कामी स्टीफन्स यांचे साहाय्य झाले. स्वदेशी परत जाणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. चाळीस वर्षे त्यांनी येथेच काढली.

ही चाळीस वर्षे शांततेची नव्हती. १५६७ साली सासष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. धर्मांतरितांच्या घरांतून पुराणे व पोथ्या काढून घेतल्या जात होत्या. लोकांच्या मनातील संताप १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे उसळला आणि रुदोल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह ताब्यात घेण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. इतिहासाची ही दोन्ही पाने आपण एकत्रच वाचली पाहिजेत.

त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, असे नमूद केले. युरोपीय पंडितांनी हा विचार शास्त्र म्हणून मांडला, त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट! त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. फादर दियोगु रिबेरु यांनी संस्कार केल्यावर ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले.

त्यांचे मोठे कार्य मात्र ख्रिस्तपुराण हेच होय. आमची जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे काय, असा प्रश्न एक ब्राह्मण पाद्री गुरूला करतो, असा प्रसंग त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. ज्यांच्यापासून पोथी हिरावली गेली, त्यांची रिकामी जागा या पाद्र्याने ओळखली होती, हेच यावरून दिसते. ज्ञानेश्वर व एकनाथ यांनी रूढ केलेली ओवी त्यांनी उचलली. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र, अशी १०,९६२ ओव्यांची रचना त्यांनी सिद्ध केली.

नव्या धर्मातील शब्दांचे काय करावे, हा त्यांच्यापुढील बिकट प्रश्न होता. बायबलातील नावे त्यांनी पोर्तुगीज वळणानेच ठेविली. क्रूस हा शब्दही तसाच आला. परंतु स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ म्हटले, आणि सैतानाला देवचार हे नाव दिले. गावाची राखण करणारा म्हणून ज्याला लोक नारळ ठेवीत, तो देवचार या ग्रंथात देवाचा वैरी झाला. एकेका शब्दात केवढी उलथापालथ साठलेली असते, हे येथे कळून येते.

ग्रंथ देवनागरीत छापला जावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला तसे लिहिलेही. परंतु युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण होती. अखेरीस १६१६ साली रायतूर येथे ग्रंथ रोमन लिपीत निघाला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या झाल्या.

१६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला आणि त्यांचा ग्रंथही अडचणीत आला. मूळ छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. परंतु मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती प्राणपणाने जपल्या आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली ग्रंथ पुन्हा छापला गेला. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडन येथेही सुरक्षित आहे.

विद्यार्थी मित्रहो, ज्या सत्तेच्या छायेखाली पोथ्या नाहीशा झाल्या, तिच्याच आश्रयाने आलेल्या एका माणसाने मराठीत नवी पोथी रचली. आणि त्याच सत्तेने पुढे त्या पोथीच्या भाषेवर घाला घातला. ग्रंथ तरला तो राजाज्ञेने नव्हे, तर घरोघरी बसून प्रती उतरवून काढणाऱ्या सामान्य माणसांमुळे. आपल्या घरच्या माळ्यावर एखादी जुनी वही, जीर्ण पोथी पडून असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नये, एवढा बोध जरी आपण या चरित्रापासून घेतला, तरी पुष्कळ झाले असे आम्ही समजू.