रणांगणावरून खेड्याकडे

रणांगणावर नांव मिळविलें म्हणजे उरलेलें आयुष्य मानमरातबांत घालवावें, असा जगाचा रिवाज आहे. रशियाचे शल्यवैद्य निकोलाय पिरोगोव (१८१०–१८८१) यांनीं तो मोडला, म्हणूनच त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

१८४७ सालीं काकेशसच्या लढाईंत त्यांनीं जखमी शिपायांस ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या. १८५४-५५ सालीं सेवास्तोपोलच्या वेढ्यांत एकाच वेळीं शेंकडों जखमी येऊन पडत. जो समोर दिसे त्याच्याकडे वैद्य धांवत, आणि वांचण्याजोगे लोक खोळंबून मरत. पिरोगोवांनीं जखमेच्या स्वरूपाप्रमाणें रुग्णांची वर्गवारी लावली. मोडलेलीं हाडें प्लास्टरच्या पट्ट्यांत बसवून अनेकांचे हातपाय त्यांनीं वांचविले. स्त्रियांस छावणींत आणूं नये या अधिकाऱ्यांच्या हट्टास त्यांच्या हाताखालील परिचारिकांनीं कामानेंच उत्तर दिलें.

पुढें शिक्षणखात्यांत असतां, ज्ञानाचीं द्वारें जन्म व दर्जा न पाहतां सर्वांस खुलीं असावीं, असा आग्रह त्यांनीं धरिला. तो सरकारास रुचला नाहीं. तेव्हां युक्रेनमधील विश्न्या गांवीं राहून ते शेतकऱ्यांस विनामूल्य औषधोपचार करूं लागले. १८६१ सालीं भूदास मुक्त झाल्यावर जमीनदार व शेतकरी यांच्यांतील मध्यस्थीही त्यांनीं केली. १८७७ सालीं, सदुसष्टाव्या वर्षीं, ते पुन्हां युद्धभूमीवर गेले.

खेड्यांत जाणें ही शिक्षा, असें मानणाऱ्या वैद्यांनीं हें चरित्र ध्यानीं घ्यावें. मात्र केवळ त्यांस दोष देणें न्यायाचें नव्हे. ज्या खेड्यांच्या मालावर आमच्या पेठा चालतात, तेथें एकेक दवाखाना चालविण्याचा भार व्यापारी बंधूंनीं उचलावा. वैद्याची सेवा व धनिकाचा पैसा एकत्र आल्यावांचून हें कार्य होणें नाहीं.