राजनिष्ठांचा बंडखोर बॅरिस्टर

लोकमान्यांच्या चरित्रात लंडनच्या चिरोल खटल्याचे प्रकरण येते आणि तिथे प्रतिपक्षाचा वकील म्हणून एक नाव ओझरते वाचायला मिळते : सर एडवर्ड कार्सन. टिळकांना हरवणारा बॅरिस्टर, एवढीच मराठी वाचकाला त्याची ओळख. पण कार्सनचे पूर्वायुष्य ठाऊक असल्याशिवाय त्या खटल्यातली खरी विसंगती ध्यानात येत नाही.

९ फेब्रुवारी १८५४ रोजी डब्लिनमध्ये एका वास्तुशिल्पज्ञाच्या घरी कार्सन जन्मला. ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि १८७७ साली वकील झाला. आयर्लंडात जमीनदार आणि कुळे यांचा झगडा पेटला होता, तेव्हा सरकारी वकील म्हणून त्याने नाव कमावले. १८९२ मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या कोर्टात उभा राहू लागला.

उलटतपासणी हे त्याचे हुकमी अस्त्र. १८९५ साली ऑस्कर वाइल्डने क्वीन्सबेरीच्या उमरावावर बदनामीचा दावा लावला. वाइल्ड आणि कार्सन एकाच कॉलेजचे, पण कार्सनने ती ओळख बाजूला ठेवली. त्याच्या प्रश्नांपुढे फिर्यादीच आरोपी होऊन बसला. वाइल्डने दावा मागे घेतला, पण पुढे त्याच्यावरच खटला होऊन दोन वर्षांची सक्तमजुरी वाट्याला आली. याच कार्सनने १९१० मध्ये पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा आळ आलेल्या एका नौदल विद्यार्थ्यासाठी सरकारशी झुंज घेतली आणि मुलाला निर्दोष ठरवून घेतले. तेव्हा त्याला केवळ सत्तेचा वकील म्हणून मोकळे होता येत नाही.

त्याच वर्षी तो आयरिश युनियनिस्टांचा पुढारी झाला. आयर्लंड ब्रिटनशी जोडलेलेच राहावे, ही त्याची आयुष्यभराची निष्ठा. होमरूलचे विधेयक येताच २८ सप्टेंबर १९१२ रोजी अल्स्टरमध्ये त्याने प्रतिज्ञापत्रावर पहिली सही केली. त्यामागून स्त्री-पुरुष मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या झाल्या. १९१३ मध्ये स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, आणि एप्रिल १९१४ मध्ये जर्मनीतून आणलेल्या सुमारे पंचवीस हजार रायफली रातोरात लार्न आणि आसपासच्या बंदरांत उतरल्या. पार्लमेंटने कायदा केला तरी आम्ही तो मानणार नाही, असे हा राजनिष्ठ माणूस उघड बजावत होता.

याची शिक्षा काय झाली? १९१५ मध्ये कार्सन इंग्लंडचा अ‍ॅटर्नी जनरल झाला आणि १९१६ च्या अखेरीस नौदलमंत्री! इकडे टिळकांना १९०८ साली ‘केसरी’तील लेखांसाठी सहा वर्षे मंडाले भोगावे लागले होते. १९१६ मध्ये बेळगावात त्यांनी होमरूल लीग काढली, तिचे नावही आयर्लंडाकडूनच आले होते.

२९ जानेवारी १९१९ रोजी हे दोघे लंडनच्या कोर्टात समोरासमोर आले. राजकीय खुनांशी आपला संबंध जोडल्याबद्दल टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारावर दावा लावला होता. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने कार्सन. डाव जुनाच होता. १८९७ आणि १९०८ च्या शिक्षा ज्यूरीपुढे मांडून कार्सनने फिर्यादीलाच पिंजऱ्यात उभे केले. २१ फेब्रुवारीला निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला. खर्चाचा बोजा एवढा होता, की महाराष्ट्रात वर्गणी गोळा करावी लागली. लेखणी चालवणारा राजद्रोही आणि बंदुकांची फौज उभारणारा राजनिष्ठ, हा हिशेब त्या ज्यूरीपुढे कधी मांडलाच गेला नाही.

पण काळाने कार्सनचाही हिशेब केला. त्याला अखंड आयर्लंड ब्रिटनमध्ये हवे होते. अल्स्टर हा त्यासाठीचा अडसर. प्रत्यक्षात १९२० च्या कायद्याने अल्स्टरचे सहा परगणे वेगळे निघाले आणि देशाची फाळणी झाली. १९२१ मध्ये नव्या उत्तर आयर्लंडचे नेतृत्व त्याने नाकारले. त्याच वर्षी तो लॉर्ड्सच्या सभागृहात न्यायाधीश म्हणून गेला. उरलेल्या आयर्लंडाशी तह झाला, तेव्हा आपल्याच पक्षाने आपल्याला प्यादे म्हणून वापरले, असे तिथे त्याने संतापून ऐकवले.

उल्हासनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ फोडून सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावण्यांत संसार मांडले आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्त्यात कॅम्प नंबर लिहिणे अजून सुटलेले नाही. बँकेत असताना जुन्या खातेदारांच्या कागदांवर जन्मगाव म्हणून सक्कर, लारकाना, शिकारपूर अशी नावे मी पाहत असे. जन्म एका देशात आणि हयात दुसऱ्या देशात, असे ते कागद.

कार्सनचेही तसेच झाले. २२ ऑक्टोबर १९३५ रोजी तो इंग्लंडात वारला. बेलफास्टच्या सेंट अ‍ॅन कॅथीड्रलमध्ये सरकारी इतमामाने त्याचे दफन झाले आणि उत्तरेच्या सहाही परगण्यांची माती शवपेटीवर टाकली गेली. ज्या डब्लिनमध्ये तो जन्मला, त्या गावची माती त्यात नव्हती. ते गाव आता सरहद्दीपलीकडे होते.