बाळू पालवणकर
मुलुंडला सराव संपला की आम्ही सारे एकाच माठातले पाणी पितो. तेव्हा मला हटकून बाळू पालवणकर आठवतात. जन्म १८७६, धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर महिना ४ रुपयांवर खेळपट्टी राखता राखता ते साहेबांनाच गोलंदाजी टाकू लागले. डावखुरी फिरकी! मग पुण्याच्या हिंदूंनी संघात घेतले. चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळवले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले आणि हिंदू संघ विजेता ठरला. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. बाळूंचा खेळ तोवर संपला होता.