धुण्याच्या टपापासून कारखान्यापर्यंत : मादाम वॉकर

घरगुती उद्योग करणाऱ्या अनेक स्त्रियांना वस्तू उत्तम बनविता येते; पण ती विकण्याची वेळ आली की त्यांची जीभ अडखळते. आपल्याच मालाची तारीफ आपणच कशी करायची, ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, आपण गळ घालतो आहोत असे तर समोरच्याला वाटणार नाही ना, हे प्रश्न त्यांना छळतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय स्त्रीने या संकोचाला आपल्या कृतीतून उत्तर दिले. तिचे नाव सारा ब्रीडलव्ह. जग तिला मादाम सी. जे. वॉकर या नावाने ओळखते.

लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावर, २३ डिसेंबर १८६७ रोजी सारा यांचा जन्म झाला. आई-वडील गुलामगिरीत राबलेले. त्या कुटुंबात स्वतंत्र नागरिक म्हणून जन्मलेले हे पहिलेच मूल. परंतु स्वातंत्र्याने दारिद्र्य संपले नव्हते. सातव्या वर्षी सारा पोरक्या झाल्या, चौदाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी लेलिया ही लहान मुलगी. तिला घेऊन त्यांनी सेंट लुईस शहर गाठले. तेथे त्यांचे भाऊ केशकर्तनाचा व्यवसाय करीत. सारा मात्र लोकांची धुणी धुऊ लागल्या. दिवसाकाठी जेमतेम एक-दीड डॉलर हाती येई. त्यातूनच त्यांनी मुलीला शिकविले.

याच काळात त्यांचे केस गळू लागले. ही तक्रार त्यांच्या एकट्यीची नव्हती. घरात नळ नाहीत, त्यामुळे केस वारंवार धुतले जात नसत. आहार निकृष्ट आणि वापरायला मिळणारे साबण जहाल. असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया टाळूच्या विकारांनी हैराण होत्या आणि बाजारपेठेने त्यांची दखल घेतलेली नव्हती. सारा यांनी निरनिराळे उपाय करून पाहिले. ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केसांसाठीची उत्पादनेही त्यांनी वापरली आणि काही काळ त्यांच्या एजंट म्हणून विकलीही.

१९०५ मध्ये त्या डेन्व्हरला गेल्या. तेथे स्वयंपाकिणीचे काम करता करता त्यांनी स्वतःचे मलम तयार केले. पुढच्याच वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मादाम वॉकर झाल्या. या संबोधनामागे विचार होता. कृष्णवर्णीय स्त्रीला गोरे लोक सर्रास एकेरी नावाने हाक मारीत, अशा काळात त्यांनी आपल्या डब्यावर आदरार्थी नाव छापले आणि सोबत स्वतःचे छायाचित्रही दिले. जाहिरातीत उपचारापूर्वीचे आणि नंतरचे त्यांचेच चेहरे असत. मालाची हमी म्हणून त्यांनी स्वतःलाच पुढे केले होते.

त्यांची विक्रीची रीत साधी होती. त्या दारोदार जात, चर्चमध्ये किंवा एखाद्या घरी स्त्रियांना एकत्र जमवीत आणि प्रथम एखादीचे केस स्वच्छ धुऊन देत. टाळूची निगा कशी राखावी, हे त्या सांगत आणि मग मलम लावून दाखवीत. डबा घेण्याचा विषय त्यानंतरचा. समोरच्या स्त्रीला काही तरी उपयोगाचे आधीच मिळालेले असे. त्यामुळे पैसे मागताना अपराधी वाटण्याचे कारण उरत नसे. ज्या दुःखातून आपण गेलो त्याच दुःखाविषयी त्या बोलत होत्या, म्हणून त्यांच्या शब्दांना वजन होते.

अर्थात ही कहाणी निष्कलंक आदर्शाची नाही. आपल्याला मलमाची कृती स्वप्नात मिळाली, असे त्या सांगत. प्रत्यक्षात गंधक हा त्यातील मुख्य घटक आधीपासून वापरात होता आणि ॲनी टर्नबो यांनी त्यांच्यावर नकलेचा आरोप केला. केस सरळ करण्याचा हव्यास म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण, अशी टीकाही झाली. आपला भर केसांच्या आरोग्यावर आहे, असे मादाम वॉकर यांचे म्हणणे होते. जाहिरातबाजीच्या मोहापासून त्या सर्वस्वी मुक्त नव्हत्या; मात्र मलमाच्या गुणाविषयी त्यांना वाटणारा विश्वास अनुभवातून आलेला होता.

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने केशनिगेचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. १९१० मध्ये इंडियानापोलिसला मुख्यालय हलविले, तेथे कारखाना उभा केला. मोलकरीण किंवा धोबीण होण्यावाचून ज्यांना दुसरा मार्ग नव्हता, अशा हजारो स्त्रिया त्यांच्या एजंट बनल्या. अशा सुमारे वीस हजार स्त्रियांना प्रशिक्षण दिल्याचा कंपनीचा दावा होता. व्यवसाय किती वाढवावा, यावरून पतीशी मतभेद झाले आणि १९१२ च्या सुमारास दोघे विभक्त झाले.

त्याच वर्षी शिकागो येथे कृष्णवर्णीय उद्योजकांची राष्ट्रीय परिषद भरली होती. अध्यक्ष होते बुकर टी. वॉशिंग्टन. मादाम वॉकर यांना बोलू द्यावे, अशी विनंती होऊनही त्यांनी ती कानाआड केली. अखेर मादाम वॉकर जागेवरून स्वतःच उठल्या आणि कापसाच्या शेतातून धुण्याच्या टपापर्यंत, तेथून स्वयंपाकघरात आणि पुढे स्वतःच्या कारखान्यापर्यंत आपण कशा आलो, हे त्यांनी भरसभेत सांगितले. आपले कष्ट त्यांनी लपविले नाहीत आणि यशही संकोचाने झाकले नाही. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत त्यांना वक्त्या म्हणून सन्मानाने बोलावण्यात आले.

१९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांच्या एजंटांचे अधिवेशन झाले. सुमारे दोनशे स्त्रिया जमल्या. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांबरोबरच समाजकार्याला सर्वाधिक देणगी देणाऱ्यांनाही बक्षिसे देण्यात आली. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध कायदा करावा, अशी तार याच स्त्रियांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना धाडली. विक्रीसाठी एकत्र आलेल्या स्त्रिया नागरिक म्हणून बोलू लागल्या होत्या.

२५ मे १९१९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, न्यूयॉर्कजवळील आपल्या निवासस्थानी मादाम वॉकर यांचे निधन झाले. स्वकष्टाने दहा लाख डॉलरची धनीण झालेली पहिली स्त्री असा त्यांचा लौकिक असला, तरी त्यांची मालमत्ता त्याहून कमी असावी, असे नंतरच्या हिशेबांवरून दिसते. आपण इतक्या श्रीमंत असल्याचे त्यांनी स्वतःही नाकारले होते. कंपनीच्या भावी निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश हिस्सा त्यांनी मृत्युपत्राद्वारे सत्कार्यासाठी ठेवला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

विक्री म्हणजे गोड बोलून गळ्यात माल मारणे, ही समजूत जोवर मनात आहे, तोवर प्रामाणिक माणसाला तिची लाज वाटणारच. जे स्वतः वापरले तेच पुढे करावे, आधी उपयोगी पडावे आणि मग योग्य मोल निःसंकोच मागावे, असा मादाम वॉकर यांच्या यशाचा अर्थ लावता येईल. लोणच्याची पहिली बरणी घेऊन शेजारच्या दारावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीलाही तो तेवढाच लागू आहे.