दानचिंतामणी अत्तिमब्बे

इसवी सन ९७३ मध्ये राष्ट्रकूटांचे साम्राज्य लयास गेले आणि तैलप दुसरा याने चालुक्यांची सत्ता पुन्हा उभी केली. या धामधुमीच्या काळात कर्नाटकातील एका जैन सरदार घराण्यात अत्तिमब्बे वाढली. पिता मल्लप आणि चुलते पुन्नमय्य हे दोघेही शूर व विद्येचे चाहते. सोळावे तीर्थंकर श्री शांतिनाथ भगवंतांचे चरित्र वर्णन करणारे ‘शांतिपुराण’ महाकवी पोन्न यांनी रचले, ते याच बंधूंच्या आश्रयाने. ग्रंथप्रेमाचे हे माहेरचे लेणे अत्तिमब्बेने जन्मभर जपले.

तैलपाचे मंत्री धल्लप यांचे सुपुत्र सेनानी नागदेव यांच्याशी तिचा विवाह झाला. धाकटी बहीण गुंडमब्बे हीदेखील त्याच घरात नागदेवांची पत्नी म्हणून आली. पुढे नागदेवांना अकाली मरण आले. गुंडमब्बेने पतीच्या चितेवर देह ठेवला. अत्तिमब्बे मागे राहिली. पदरी पुत्र अण्णिगदेव होता.

एकाच दिवशी पती गेला आणि पाठची बहीणही गेली, त्या घरात त्या रात्री काय झाले असेल याची कल्पनाच करावी. त्या काळी सहगमन करणाऱ्या स्त्रीच्या नावाने शिळा उभारीत आणि तीवर काकणांनी भरलेला उंचावलेला हात कोरीत. जगणाऱ्या विधवेसाठी कोणी शिळा उभारीत नसे. गुंडमब्बेला दोष देण्याचे कारण नाही. ती रूढीची बळी होती. परंतु धर्माची साक्ष काढायची तर ती थोरल्या बहिणीच्याच बाजूने पडते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त धर्म समजून अग्नीत उडी घेण्याची गणना लोकमूढतेत केली आहे. शोकाच्या भरात देह जाळणे आणि शांत चित्ताने सल्लेखना घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्वतःच्या जीवावरही दया करावी लागते, हे त्या तरुण विधवेने ओळखले.

मुलाला वाढवता वाढवता तिने व्रतस्थ जीवन स्वीकारले आणि घरातील संपत्ती दानासाठी मोकळी केली. रत्नजडित अशा १५०० जिनमूर्ती घडवून तिने दान केल्या. ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती लिहवून त्या वाटल्या. छापखाना येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ताडपत्रे आणायची, सुकवायची, कापायची. मग लेखनिकाने एकेक अक्षर उतरवायचे. एका प्रतीचे श्रम ध्यानी घेऊन हिशेब मांडला, तर हजार प्रतींचा खर्च एखाद्या मंदिराच्या खर्चाहून कमी खचित नसेल. मंदिरावर दात्याचे नाव कोरले जाते, पोथी मात्र दुसऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्याचीच होते. शास्त्रदानाची थोरवी यातच आहे. लोकांनी तिला ‘दानचिंतामणी’ म्हटले ते उगीच नव्हे.

मुधोळ येथे बांगड्या विकणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या रन्न नावाच्या बुद्धिमान कवीला तिने आश्रय दिला. जिच्या हातची काकणे काळाने उतरवली, तिनेच कासाराच्या मुलाचे हात बळकट केले. दुसरे तीर्थंकर अजितनाथ भगवंतांवरील त्याचे ‘अजितपुराण’ ९९३ साली पूर्ण झाले. त्यात या उपकारकर्तीचे चरित्रही गुंफलेले आहे, म्हणूनच हजार वर्षांनंतर तिच्याविषयी इतके सांगता येते.

लक्कुंडी येथील ब्रह्म जिनालय तिने १००७ साली उभारले. कर्नाटकातील गदगजवळच्या या गावी ते आजही उभे आहे आणि आत चतुर्मुख ब्रह्मा व पद्मावतीदेवी यांच्या सुरेख मूर्ती आहेत. दक्षिण महाराष्ट्रातून यात्रेस जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते अवश्य पाहावे. तिने मस्तकी जिनबिंब धरताच गोदावरीचा पूर ओसरला, असेही परंपरा सांगते. कोणी यावर श्रद्धा ठेवावी, कोणी न ठेवावी. पुढील काळात एखाद्या दानशूर स्त्रीची स्तुती करायची झाली, तर कोरीव लेखांतून तिला अत्तिमब्बेची उपमा देत.

रन्नाला मुलगी झाली तेव्हा त्याने तिचे नाव अत्तिमब्बे ठेवले.